दुलईवरचा शड्डू

पलूसच्या पेठेत बादशहा नदाफ गाद्या करतो. गादी शिवून झाली, शेवटचा टाका घालून दोरा दातानं तोडला, की तो ती गादी भिंतीला उभी करतो, दोन पावलं मागं सरतो आणि तिला गुद्दे घालतो. एक डावा, एक उजवा. मग कान लावल्यागत थांबतो. हात आत बुडाला तर तिथं कापूस कमी, हात उलटा आला तर जास्त, आणि हात नुसता बसला तर गादी पास. नवीन गिऱ्हाईक बिचकतं. लेकीच्या लग्नात द्यायची गादी भर रस्त्यात बडवलेली बघून एखाद्या मामाला वाईटही वाटतं. पण बादशहाच्या गादीत दोन पोरं मोठी होईपर्यंत गोळे होत नाहीत, असं बायका सांगतात, आणि गादीबद्दल खोटं बोलून बायकांना काय मिळायचं आहे.

ही गुद्द्यांची सवय लष्करातली. बाप-आजा कापूस पिंजणारे, हा मात्र मिसरूड फुटायच्या आत भरती झाला आणि पलटणीच्या बॉक्सिंगच्या संघात गेला. तिथं त्याचं नाक मोडलं. ते बसवलं, पुन्हा मोडलं, मग डॉक्टरनंच नाद सोडला. तेव्हापासून त्याला वास येत नाही. भात करपला तर आतून बायको, महेजबीन, सांगते, तेव्हा याला कळतं. नोकरी संपवून आला आणि पुन्हा कापसात बसला. मोठा मुलगा अजमल पुण्यात फोमच्या गाद्यांच्या दुकानात लागला, त्याचं दुःख बादशहाला नाकापेक्षा जास्त आहे. फोमला गुद्दा घातला तर तो लगेच वर येतो, काही झालंच नाही असं दाखवतो, असल्या लबाड वस्तूवर माणसानं झोपावं कसं, असं तो विचारतो.

आमचं गाव पलूसपासून सायकलच्या अंतरावर. बादशहाशी आमचा संबंध गादीपुरताच होता. माझी नात राजेश्वरी त्याच्या हाताखाली गेली ती सांगलीच्या गोंधळानंतर.

राजेश्वरीचा बाप जयराज, म्हणजे माझा मुलगा, लष्करात सुभेदार. घरात मी, सून आणि ही पोरगी. बापाच्या जागी आमचे गुंडाभावजी. नात्यानं माझे धाकटे दीर आणि गावाचे वस्ताद, तालीम त्यांच्याच हाताखाली. भावजींनी राजेश्वरीला चालायला लागल्यापासून तांबड्या मातीत लोळवलं. तिनं पहिला शब्द आई म्हटला का शड्डू ठोकला, यावर आमच्यात अजून वाद आहे. भावजी मांडीवर थाप मारतात ना, ती ऐकून मारुतीच्या देवळातले पारवे उडतात.

कॉलेजात गेल्यावर झालं काय, की कुस्तीत हिच्या वजनाची दुसरी मुलगी आधीच होती. बॉक्सिंगला मात्र कुणीच नव्हतं. खेळाचे सर म्हणाले, तुझा हात जड आहे, तुझं नाव तिकडं घालतो. घरी येऊन तिनं सांगितलं. भावजींनी तंबाखू मळता मळता ऐकून घेतलं आणि एका वाक्यात निकाल लावला.

"बॉक्सिंग म्हंजे काय, मोजं घालून कुस्ती. मी शिकवतो."

आणि शिकवलं. सांगलीला जिल्ह्याची स्पर्धा होती, तिथं आम्ही दोन टेम्पो भरून गेलो. हलगी घेतली, गुलाल घेतला, फेटे घेतले. दोऱ्या बांधलेला चौकोनी गोठा असावा तशी ती रिंग. राजेश्वरी आत गेली, वाकून पायाखालची जमीन कपाळाला लावली, मांडीवर शड्डू ठोकला आणि समोरच्या पोरीनं हात उचलायच्या आत तिच्या कंबरेत शिरली. ढाक लावली. ती बिचारी आडवी, पाठ टेकलेली, डोळे दिव्याकडं. राजेश्वरीनं हात वर केला. अख्ख्या गावानं उडी मारली. भावजी दोरी ओलांडून आत गेले आणि नातीला खांद्यावर घेऊन नाचले. रेफरी काहीतरी सांगत होता, हात हलवत होता. आम्हाला वाटलं तोही नाचतो आहे.

गावात मिरवणूक निघाली. चौकात फ्लेक्स लागला. त्यावर राजेश्वरी एवढी मोठी, शेजारी भावजी त्याहून मोठे आणि खाली लिहिलेलं, 'चितपट विजयाबद्दल हार्दिक अभिनंदन'. सकाळी खेळाचे सर आले आणि म्हणाले, आवं, ती बाद झाली. बॉक्सिंगमध्ये कुणाला धरायचंच नसतं. त्याला होल्डिंग म्हणतात, धरलं तर ताकीद मिळते, आणि हिनं तर उचलून आपटली.

तो फ्लेक्स आता आमच्या कडब्याच्या गंजीवर आहे. पाऊस आत येत नाही. शेळ्या भावजींच्या मिशीखाली रवंथ करत बसतात.

जयराजचा फोन आला. त्याच्या पलटणीतल्या पोरांनी ती ढाक मोबाईलवर बघितली होती. साहेबानंसुद्धा बघितली होती. तो म्हणाला, अजून एकदा जर पोरगी अशी बाद झाली तर हातमोजे कायमचे बंद, मग तिनं गुमान मातीतच राहावं. भावजींना तेच हवं होतं. त्यांनी लगेच व्हय म्हटलं.

राजेश्वरी त्या दिवशी जेवली नाही. चुलीपाशी माझ्याजवळ येऊन बसली.

"आज्जे, कुस्तीत एकदा पाठ टेकली की संपलं. हितं पडलं तरी उठून परत उभं ऱ्हाता येतंय. मला ते लय आवडलं गं. मला एकदा नीट शिकू दे."

मी जयराजला फोन लावायला लावला. त्यानंच मग बादशहाचं नाव काढलं. लष्करात बादशहाचा खेळ ऐकलेला होता त्यानं. साताऱ्याला विभागाची स्पर्धा होती, तिथपर्यंत बादशहानं शिकवायचं. आणि पोरगी सुधारते का नाही, हे मी दर रविवारी बघून त्याला सांगायचं. मी म्हटलं, बाबा, मला यातलं काय कळतंय. तो म्हणाला, राजी म्हणणार सगळं झाक चाललंय, काका म्हणणार सगळं वाटोळं चाललंय, आणि तिची आई नुसती रडणार. तूच राहिलीस. अशी मी परीक्षक झाले.

पहिल्या रविवारी एसटीनं गेले. दुकानापुढच्या अंगणात बादशहानं गुंडाळलेली गादी दोरीनं बांधून उभी केली होती. गिऱ्हाइकाची होती, पण गिऱ्हाईक संध्याकाळी यायचं होतं. तो म्हणाला, बेटा, मार. राजेश्वरीनं एक गुद्दा मारला, दुसरा मारला, आणि मग तिला काय वाटलं देव जाणे, गादीला कवेत घेऊन झोळी डाव टाकला. दोरी तुटली, टाके उसवले आणि सगळा कापूस पेठेत गेला. समोरच्या चहावाल्याच्या पातेल्यात साय आल्यागत पसरला. महेजबीन दारात आली, कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"मावशी, तुमच्या नातीनं आमची डबलबेडची ऑर्डर चितपट केली," असं म्हणाली आणि केरसुणी माझ्या हातात दिली.

मी जयराजला सांगितलं, हात जड हाय, शिलाई कच्ची हाय.

दुसऱ्या रविवारी बघते तर बादशहानं पोरीच्या दोन्ही काखांत कापसाचा एकेक बोळा दिलेला. एक हनुवटीखाली. एकेक दोन्ही मुठींत. म्हणाला, मावशी, कोपर फाकलं की काखेतला पडतो, मान वर झाली की हनुवटीचा पडतो, आणि धरायला पंजा उघडला की मुठीतला पडतो. कुस्तीला पंजा उघडा लागतो, इथं मूठ. पोरीचा पंजा मिटायला शिकवणं हेच माझं काम, बाकी ती शिकूनच आली आहे. बोळा पडला की शिक्षा होती. तिथं बसून जुन्या उशीतला दगड झालेला कापूस हातानं मोकळा करायचा.

त्या दिवशी तिनं तीन गावांना पुरतील एवढ्या उशा मोकळ्या केल्या.

पुढं ती घरीसुद्धा बोळे घेऊनच वावरायला लागली. कोपरं पोटाला चिकटवून भाकरी खायची. घागर उचलायची तर मुठीतला बोळा पडेल म्हणून मनगटांच्या बेचक्यात धरायची आणि निम्मं पाणी उंबऱ्यात सांडायची. आईनं मायेनं जवळ घेतलं तर नुसती खांबासारखी उभी. मिठी मारायची नाही, वस्तादाचा हुकूम. शेजारच्या सुलाबाईनं हे चालणं बघितलं आणि संध्याकाळी वाटीत कसलासा पाला वाटून घेऊन आली.

"पोरीच्या दोनी काखंत काखमांजऱ्या झाल्यात, आणि तुमी घरची मानसं बोलत न्हाई," असं म्हणाली. खरं काय ते सांगितलं तरी पाला लावूनच गेली.

गुंडाभावजी या सगळ्यात नव्हते असं नाही. आपली चेली गादीवाल्याकडं गेली हे त्यांना झोंबलं होतं. बघायला यायचं तर होतं आणि आलो असं दिसायचं नव्हतं. बादशहाच्या दुकानासमोर सलून आहे. भावजी रविवारी तिथल्या खुर्चीत पाठ करून बसायचे आणि आरशातून सगळं बघायचे. दाढी संपली तर मालिश सांगायचे, मालिश संपली तर पुन्हा दाढी. त्यांचे गाल त्या हिवाळ्यात असे गुळगुळीत झाले, की म्हातारपणी नवरदेवागत दिसायला लागले.

हळूहळू पोरगी बदलली. कशी बदलली ते मला माझ्याच भाषेत सांगता येईल. आधी तिचा हात उसाच्या कोयत्यागत यायचा. लांबून निघायचा, वाटेत कुणाला रामराम घालायचा आणि मग पोचायचा. आता दाभणागत जायला लागला. गेलेला दिसत नव्हता, परत आलेला दिसायचा. आधी ती फतकल घालून उभी राहायची, जणू तिला कुणी उपटायला आलं आहे. आता टाच उचलून, तापल्या पत्र्यावर उभी असल्यागत. मी हे सगळं जयराजला सांगायची. तो विचारायचा, आई, डोकं हलवतीय का, की नुसती समोर धरतीय? ते मात्र मला सांगता येईना. डोकं हलतं का हे बघायला तिच्यावर कुणीतरी हात उगारायला हवा, आणि बादशहा हात उगारायचा तेव्हा माझे डोळे मिटायचे.

मग शेवटच्या रविवारी ते झालं. बादशहा हातात गादीचे तुकडे बांधून उभा होता आणि राजेश्वरी त्यावर सटासट मारत होती. डावा, उजवा, मागं. डावा, उजवा, मागं. एक बोळा पडत नव्हता. इतकं गोड चाललं होतं, की मी महेजबीनला कोपर मारलं. आणि समोर सलूनमध्ये आरशात बघणाऱ्या भावजींनाही ते गोडच वाटलं असणार. कारण त्यांचा हात आपोआप वर गेला आणि मांडीवर आदळला.

आवाज रस्ता ओलांडून आला. राजेश्वरीच्या मुठी उघडल्या. पाची बोळे खाली. गुडघे वाकले, डोकं बादशहाच्या बगलेत शिरलं, आणि आमचा साठीचा बादशहा हवेतून जाऊन कापसाच्या ढिगात पडला. नुसते पाय दिसत होते.

राजेश्वरी स्वतःच्या हातांकडं बघत राहिली. मग रडायलाच लागली. म्हणाली, मी काय केलं न्हाई आज्जे, त्ये आवाजानं केलं. लहानपणापासून तिच्या अंगात तेच भिनलेलं. शड्डू वाजला की धर.

भावजी धावत आले, तोंडाला निम्मा साबण. त्यांनाही वाईट वाटलं होतं. त्यांनी शपथ घेतली की आपण मुद्दाम केलं नाही. हात आपला आपण जातो. भांडणं बघितली तरी जातो, टीव्हीवर जातो, एकदा तर मयताच्या बैठकीत दोन भाऊ हमरीतुमरीवर आले तेव्हाही गेला होता. साताऱ्याला येऊ नका असं सांगायची सोय नव्हती. आजोबा होते ते. आणि ते येणार म्हणजे शड्डू येणार, शड्डू आला की ढाक आली, आणि ढाक आली की पोरीचे मोजे गेले.

बादशहानं त्या दिवशी कुठल्याच गादीला गुद्दा घातला नाही. नुसता कापूस पिंजत बसला. अक्कल चालली ती महेजबीनची. तिनं आतून एक जाडजूड दुलई आणली, निळ्या फुलांची, आणि त्याच्यापुढं टाकली. म्हणाली, हिच्यात अजून कापूस भरा, निम्म्या भागात. बादशहानं तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं आणि टाके उसवायला घेतले.

निघायच्या दिवशी सकाळी दोघं नवराबायको आमच्या दारात आले. बादशहानं ती दुलई दोन्ही हातांवर घेऊन सगळ्या गावासमोर भावजींना दिली. म्हणाला, वस्ताद, पोरगी तुमची आहे, मी नुसते टाके घातलेत. साताऱ्याला थंडी लय, तुमचे गुडघे दुखतात, मांडीवर घेऊन बसायचं. हा तुमचा मान आहे. भावजींचा चेहरा असा काही फुलला, की त्यांनी फेटा सारखा केला आणि दुलई उन्हातच मांडीवर घेऊन कट्ट्यावर बसून घेतलं.

मी ओवाळायचं ताट घेऊन आले. राजेश्वरी पाटावर उभी, मागं भावजी. दिवा फिरवला. मग चिमटीत कुंकू घेतलं आणि हात कपाळाकडं नेला.

कपाळ तिथं नव्हतं. डावीकडं गेलं होतं. मी डावीकडं नेला, ते उजवीकडं आलं. मी म्हटलं, अगं ए, थांब की. ती म्हणाली, थांबलीय की आज्जे. तिला पत्ताच नव्हता. पाय पाटावर घट्ट, हात हनुवटीपाशी, आणि मान आपली आपण वाऱ्यावरच्या तुऱ्यागत सरकत होती. तिसऱ्यांदा मी जरा चिडून जोरात हात घातला, ती खाली बसली, आणि कुंकू भावजींच्या कानाला लागलं.

लहानपणापासून या पोरीला मी कुंकू लावत आले. आजवर ती खुंटागत उभी राहायची. मी तिथूनच जयराजला फोन लावायला लावला.

"डोकं हलवतीय," मी सांगितलं. "कुंकू लागंना तिला."

तिकडून तो हसायला लागला. सुभेदार असा हसलेला मी कधी ऐकला नव्हता.

साताऱ्याच्या हॉलमध्ये पायऱ्यांवर बसायचं होतं. मी भावजींच्या शेजारीच बसले, परीक्षक म्हणून आणि पहारेकरी म्हणूनही. ते दुलई मांडीवर घेऊन राजासारखे बसले. राजेश्वरीसमोर कोयनानगरची समीक्षा नावाची मुलगी होती. लांब हातांची, शांत. माझ्यामागची बाई म्हणाली, तिकडची माणसं भुई हालली तरी चहाचा कप खाली ठेवत नाहीत, ही काय हलणार.

पहिल्या राउंडला समीक्षाचे लांब हात पोचत होते आणि आमचे पोचत नव्हते. राजेश्वरीच्या नाकावर दोन बसले. भावजींचा हात वर गेला, खाली आला. भप्प. नुसता भप्प असा आवाज. ते आपल्या तळहाताकडं बघायला लागले. दुसऱ्या राउंडला राजेश्वरी आत शिरून मारायला लागली. दाभण, दाभण, मागं. समीक्षाचे हात तिच्या कानावरून जाऊ लागले, कुंकू गेलं होतं तसेच. भावजींनी पुन्हा थाप मारली. भप्प. पुन्हा मारली. त्यांना वाटलं असणार, वय झालं आपलं. इतके उतरले, की मला त्यांची दया आली.

मधल्या विश्रांतीला मी त्यांना पाणी दिलं. हॉलमध्ये माणसं दाटली होती, वर मोठे दिवे, आणि मांडीवर दोन माणसांचा कापूस. भावजी घामाघूम झाले होते. मी बाटलीचं टोपण लावते आहे तोवर त्यांनी दुलई काढून शेजारी ठेवली. मी उचलून परत टाकली. ते म्हणाले, वैनी, उकडतंय. काढली. मी पुन्हा टाकली. ते म्हणाले, मान दिला म्हनून काय मरू काय तिच्यात? आणि दुलई पायाखाली गेली.

तिसरा राउंड सुरू झाला होता. दोघी बरोबरीत होत्या, असं कोपऱ्यात उभ्या बादशहाच्या तोंडावरून दिसत होतं. समीक्षा दमली. दमल्यावर माणूस आधार शोधतो. तिनं दोन्ही हातांनी राजेश्वरीला मिठी मारली आणि अंग टाकलं. आमच्या तालमीत अशी मिठी मारणं म्हणजे ताट वाढून पुढं सरकवणं. कंबर समोर, पाय जुळलेले, तोल गेलेला. ते आमच्या गावच्या शेळीलाही दिसलं असतं. भावजींना दिसलं. मी त्यांचा हात धरायला गेले आणि चुकले.

थाप बसली. नुसत्या मांडीवर, पाची बोटं. हॉलभर आवाज गेला. टेबलामागच्या पंचांनी वर बघितलं.

राजेश्वरीचे गुडघे वाकले. ते मी बघितलं. कोपऱ्यात बादशहानं डोळे मिटले, तेही बघितलं. मला वाटलं, झालं, आता ती पोरगी दिव्याकडं बघणार आणि आमची पुन्हा मातीत जाणार.

पण कोपरं हलली नाहीत. पोटाला शिवल्यागत राहिली. मुठी हनुवटीपाशी, घट्ट मिटलेल्या. कोयनानगरची पोरगी तिला झोंबत होती आणि ही नुसती खांबासारखी उभी, जशी आईच्या मिठीत उभी राहायची. रेफरीनं येऊन दोघींना वेगळं केलं आणि ताकीद दिली. समीक्षाला. धरल्याबद्दल. राजेश्वरीनं एक पाऊल मागं घेतलं. एक डावा, एक उजवा. आणि मग ती जरा थांबली, कान लावल्यागत. समीक्षा मागं दोरीवर जाऊन बसली, उठली, तोवर घंटा झाली.

रेफरीनं दोघींना मधे उभं केलं आणि राजेश्वरीचा हात वर केला.

आमच्या गावाकडून आवाजच नाही. दोन टेम्पो माणसं, हलगी, गुलाल, सगळे चिडीचूप बसलेले. वाट बघत होते.

भावजींनी माझ्या कानाला तोंड लावलं. "वैनी, चीत कोन झालं?"

"कोनच न्हाई, भावजी. तरी आपुन जिकलो."

"असं कसं? मग वाजवायचं का न्हाई?"

सांगलीच्या फजितीनंतर गाव शहाणं झालं होतं. हलगीवाला म्हणाला, लिहून घ्या तेव्हाच वाजवतो. आमचा एक माणूस टेबलावर जाऊन विचारून आला. दुसरा त्याची खात्री करून आला. तरी पटेना म्हणून तिसरा थेट समीक्षाच्या आईला विचारायला गेला. ती माउली डोळे पुसत होती.

"तुमचीच जिकली बाबा, जावा की आता," असं ती म्हणाली, तेव्हा कुठं हलगी वाजली. तोवर पुढची लढत सुरू झाली होती आणि आम्हाला बाहेर काढलं.

बाहेर झाडाखाली राजेश्वरी हातमोजे काढत बसली होती. भावजी तिच्यापुढं उभे राहिले. दुलई खांद्यावर, मान खाली.

"माझा शड्डू ऐकला न्हाईस व्हय गं?"

"ऐकला की, आजोबा." तिनं हाताची पट्टी सोडवली आणि मूठ उघडली. आत घामानं करडा झालेला कापसाचा बोळा होता. "पर मुठीत ह्यो व्हता."

"मोज्यातनं बोळा पडनार हाय व्हय, येडे?"

"पडला नसता," ती म्हणाली. "मला कळलं असतं."

भावजींनी तो बोळा बोटानं दाबून बघितला. मग बादशहाकडं वळले आणि म्हणाले, दुलई झाक हाय, पण डाव्या मांडीवर जरा कमी भर, पार आवाजच येत न्हाई. म्हणजे त्यांना कळलं होतं. बादशहानं मान डोलावली आणि तिथंच तिला एक डावा, एक उजवा घातला.

दारात उतरलो तशी मी आधी आत जाऊन ताट घेऊन आले. कुंकू घेतलं, हात नेला, कपाळ डावीकडं. हात नेला, कपाळ उजवीकडं. सुलाबाई, सून, महेजबीन, सगळ्याजणी हसून बेजार. शेवटी भावजींनी दुलई खाली ठेवली, मागून येऊन पोरीला दोन्ही हातांनी कव घातली आणि अशी पक्की धरली, की तिला मुंगीएवढंही हलता येईना. मी निवांत, गोल, ठसठशीत कुंकू लावलं.

बादशहा पुढं झाला आणि भावजींच्या तोंडासमोर बोट नाचवून म्हणाला, "वस्ताद, होल्डिंग. ताकीद."